मोठ्या बाईंचा आवाज

सुट्टी लागली त्या दिवशी छोट्या बाई घरी गेल्या त्या तरंगतच. चपला काढायच्या आधीच आईला म्हणाल्या, "आई, माझा वर्ग कसा चिडीचूप असतो म्हणून सांगू! मी नुसती फळ्याकडे वळले तरी वह्या उघडतात."

दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "बघ हं मास्तरीणबाई, चिडीचूप असतो की झोपलेला असतो?"

"तू गप्प रे," आई म्हणाली. "लेकराला चार दिवस आनंद घेऊ दे."

छोट्या बाई अजून खऱ्या बाई झाल्या नव्हत्या. त्या शिकत होत्या, आणि शिकता शिकता शिकवायचं म्हणून त्यांना या शाळेतली चौथी मिळाली होती. वर्गाच्या खऱ्या बाई वेगळ्या. पहिल्याच दिवशी मुलांनी वाटणी करून टाकली, त्या मोठ्या बाई आणि या छोट्या बाई. छोट्या बाई मोठ्या बाईंपेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या, पण पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता त्या चिडीचूपपणाचं खरं सांगायचं, तर छोट्या बाई शिकवत तेव्हा मोठ्या बाई शेवटच्या बाकावर वह्या तपासत बसत. कुठे खुसफुस झाली की चष्म्यावरून एकदा बघत आणि म्हणत, "हं." बस्स, एवढंच. तो हुंकार जमिनीतून आल्यासारखा यायचा. माणसाचं असंच असतं, सावलीत बसतो आणि म्हणतो, आज ऊन कमी आहे. झाड कुणी लावलं ते आठवत नाही.

आणि छोट्या बाईंना त्या शांततेची गरजही फार होती. सराव पाठ बघायला त्यांच्या अध्यापक विद्यालयातून एक निरीक्षक सर येत. पहिला पाठ दुसऱ्या एका शाळेत झाला होता आणि तो असा काही फसला होता, की सरांनी मध्येच हात वर करून तो थांबवला. दुसरा पाठही फसला तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर पुढचं घरात ठरलेलंच होतं. आत्याच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं. आत्या प्रेमळ होती, दुकान चांगलं चालत होतं, आणि छोट्या बाईंना तिथे अजिबात जायचं नव्हतं. दुसरा पाठ सुट्टीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी होता.

सोमवारी शाळा उघडली. मोठ्या बाई आल्या त्या गळ्याला रुमाल गुंडाळून. मुलं "बाईऽ" करत धावली. मोठ्या बाईंनी तोंडावर बोट ठेवलं, फळ्याशी गेल्या आणि लिहिलं, "माझा आवाज बसला आहे. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्दही बोलू नका म्हणून सांगितलं आहे. सध्या वर्ग छोट्या बाई घेतील. शहाण्यासारखे वागा." आणि त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

वर्गाने तो मजकूर ओठ हलवत वाचला. मग मुलांनी माना मागे वळवल्या आणि मोठ्या बाईंच्या गळ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी छोट्या बाईंच्या गळ्याकडेही पाहिलं. हे छोट्या बाईंच्या लक्षात आलं नाही. त्या खडू शोधत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "सुट्टीत कोणी काय काय केलं?"

पंधरा-वीस हात वर गेले. एकाने सुरुवात केली, तोच शेजारणीने त्याला कोपराने ढोसलं. ढोसलेल्याने तिला ढोसलं. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं, त्याच्यावर दुसऱ्याने "तू शूऽ!" केलं, तिसरा उठून पहिल्याच्या तोंडावर हात ठेवायला गेला आणि त्याची पाण्याची बाटली खाली पडली. बघता बघता वर्गाचा बाजार झाला.

"शांत बसा!" छोट्या बाई म्हणाल्या.

आवाज वाढला.

"शांऽत!" त्यांनी आवाज चढवला.

आता तर काही मुलं उभीच राहिली आणि एकमेकांच्या अंगावर धावल्यासारखी करू लागली. पुढच्या बाकावर एक मुलगा बसायचा. कुठल्याही गोष्टीला 'पण का' विचारायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. तो तर बाकावर चढून दोन्ही हात पसरून काहीतरी ओरडत होता. मोठ्या बाई मागे उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. एरवी या नजरेने भिंतसुद्धा सरळ झाली असती. आज त्या उभ्या राहिल्या मात्र, आणि पोरांनी असा काही हलकल्लोळ उडवला, की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

छोट्या बाईंनी काय काय नाही केलं! टाळ्यांचा खेळ करून पाहिला. बाईंनी तीन टाळ्या द्यायच्या, मुलांनी तीन परत द्यायच्या आणि गप्प व्हायचं. मुलांनी तीन दिल्या. मग कुणाची तरी चौथी पडली म्हणून बाकीच्यांनी त्याला दटावलं, आणि दटावण्याचाच गोंगाट टाळ्यांच्या वर गेला. चांदण्या लावायचं आमिष दाखवलं. मधल्या सुट्टीत कोणालाच सोडणार नाही म्हणाल्या, आणि सगळ्यांना सोडलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं भणभणायला लागलं. मंगळवारही त्याच वळणावर गेला.

"सुट्टीहून आली की पोरं अशीच असतात हो," शिपाईमामा सोमवारीच घंटा देता देता म्हणाले होते. "चार दिवसांत येतील ताळ्यावर."

"मामा, चार दिवसांनी माझा पाठ आहे."

"मग पाच दिवसांत येतील," मामा म्हणाले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर छोट्या बाई शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंसमोर बसल्या. "बाई, काहीतरी सांगा ना. मी हात टेकले."

मोठ्या बाईंनी पाटी ओढली. आवाज होता तेव्हा त्या एका प्रश्नाला अर्धा तास उत्तर देत. आवाज गेला म्हणून काही त्यांचा स्वभाव गेला नव्हता. त्या लिहू लागल्या. बारीक अक्षरात पाटी भरली, ती त्यांनी पदराने पुसली, पुन्हा भरली, पुन्हा पुसली. छोट्या बाई उलट बाजूने वाचायचा प्रयत्न करत होत्या. शेवटी मोठ्या बाईंनी समाधानाने पाटी त्यांच्यासमोर फिरवली. तिच्यावर लिहिलं होतं, "...म्हणून तेवढं केलंस की झालं."

"केवढं, बाई?"

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. खडू संपला होता.

घरी आईने ताटलीत शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. आई दर आठवड्याला एका बुवांची प्रवचनं ऐकायला जायची. बुवा प्रवचन नुसतं सांगत नसत, गाऊन सांगत. घरी आल्यावर दोन दिवस आईच्या कामालाही तीच चाल लागलेली असे.

"अगं, आमच्या बुवांपुढे किती माणसं असतात," आई म्हणाली. "कुणाचं पोर रडतंय, कुणी खोकतंय, मागे बायका सुनांची गाऱ्हाणी सांगतायत. बुवा कधी 'गप्प बसा' म्हणत नाहीत. काय करतात माहितीये? कथा अगदी रंगात आली, सूर असा वर गेला, की मधेच थांबतात. डोळे मिटतात, छातीवर हात ठेवतात. वाक्य अर्धंच! मग बघ, खोकणारासुद्धा खोकला गिळतो."

"आणि मग?"

"मग काय, सगळे गप्प. देवाचं नाव घेतात आणि पुढे सुरू."

दादा म्हणाला, "वर्गात डोळे मिटलेस तर उघडेपर्यंत खिडक्याही जागेवर राहायच्या नाहीत."

पण बुडणाऱ्याला काडीचा आधार. छोट्या बाईंनी रात्री मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी त्यांनी अपूर्णांकांचा धडा गोष्टीने सुरू केला. एका म्हातारीकडे एकच भाकरी आहे आणि दारात तीन पाहुणे आले आहेत. गोष्ट चांगली होती. मुलं मधूनमधून एकमेकांना ढोसत होती, "शूऽ" करत होती, पण कान टवकारलेले दिसत होते. छोट्या बाई सूर चढवत नेत होत्या. म्हातारीने सुरी उचलली, भाकरीवर धरली, पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली...

इथे छोट्या बाई थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. हात छातीवर न्यायचा होता, तो घाईत गळ्यावर गेला.

क्षणभर, खरंच क्षणभर, वर्ग स्तब्ध झाला. छोट्या बाईंच्या मनात आलं, देवा, आई म्हणत होती ते खरं.

आणि मग एक किंकाळी आली. "गेलाऽऽ!"

त्यांनी डोळे उघडले तेव्हा बाकं रिकामी होत होती. कुणीतरी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडालाच लावली, निम्मं पाणी साडीवर सांडलं. एक मुलगी दप्तर उलटं करून खडीसाखर शोधत होती. दोघं "मामाऽ, मामाऽ" ओरडत दाराबाहेर पळाली. खिडकीपाशी बसणारी एक बारकीशी पोरगी होती. ती इतकी कमी बोलायची, की तिचा आवाज कसा आहे हे छोट्या बाईंना ठाऊकच नव्हतं. तिने आता भोकाड पसरलं होतं. वकील बाईंची खुर्ची ओढून आणत होता आणि म्हणत होता, "बसा बाई, बसा, बोलू नका, अजिबात बोलू नका!"

ही थट्टा आहे, छोट्या बाईंना वाटलं. माझी नक्कल चाललीय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठ, वर्ष, आत्याचा काउंटर, सगळं एकदम समोर उभं राहिलं आणि त्या कधी ओरडल्या नव्हत्या एवढ्या जोरात ओरडल्या, "काय चाललंय काय तुमचं!"

सगळा वर्ग जागच्या जागी थांबला. आणि पोरांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली.

"आला! आला! आवाज आला!"

छोट्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. आता मात्र त्या पुरत्या बुचकळ्यात पडल्या होत्या. वकिलाला त्यांनी जवळ बोलावलं. "हे काय आहे? मला नीट सांग. कुणीही मध्ये बोलायचं नाही."

"पण बाई, तुम्हीच हळू बोला ना आधी," वकील म्हणाला. "नाहीतर परत जाईल."

"काय जाईल?"

"आवाज. मोठ्या बाईंचा गेला ना, तसा." त्याने मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्यामुळे गेला तो."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. एवढी वर्षं तुम्हां कार्ट्यांवर ओरडून ओरडून बिचारीचा आवाज संपला, म्हणाली."

"माझी आजीपण तेच म्हणाली," खडीसाखरवाली म्हणाली.

"माझे बाबापण!"

आणि मग हळूहळू एकेक उलगडत गेलं. सोमवारी फळ्यावरचं वाचल्यावर मधल्या रांगेत ठरलं होतं, की निदान छोट्या बाईंचा आवाज तरी आपण वाचवायचा. कुणी बोललं तर शेजारच्याने त्याला गप्प करायचं. ही कल्पना इतकी चांगली होती, की सगळ्यांनी ती एकदमच अमलात आणली. सगळा वर्ग सोमवारपासून जिवाच्या आकांताने एकमेकांना गप्प बसवत होता. बाईंनी आवाज चढवला की पोरं एकमेकांना आणखी जोरात गप्प बसवायची. मोठ्या बाई उठल्या की आता या बोलायला जाणार, या भीतीने तर सगळ्यांचीच गाळण उडायची.

"मग सोमवारी बाकावर चढून तू काय ओरडत होतास?"

"'कुणीही ओरडू नका' असं," वकील म्हणाला.

छोट्या बाईंनी मागे पाहिलं. मोठ्या बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. हसत होत्या की रडत होत्या ते कळायला मार्ग नव्हता, कारण आवाज नव्हता. तीस वर्षांच्या अनुभवाच्या बाई, पण त्यांनाही या गोंगाटातला एक शब्द ऐकू आला नव्हता. त्याही म्हणत होत्या, यंदा सुट्टीत पोरं बिघडून आलीत.

खिडकीपाशची बारकी अजून मुसमुसत होती. मोठ्या बाई उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत फळ्यापाशी आल्या. खडू हातात घेऊन थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. 'तुमच्यामुळे नाही' असं लिहून टाकणं सोपं होतं. पण पोरांना त्यांनीच तर खरं बोलायला शिकवलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, "खडूच्या धुळीमुळे. बाहेरच्या रस्त्याच्या आवाजामुळे. मी घरीही फार बोलते त्यामुळे. आणि थोडा तुमच्यामुळे. महिन्याने परत येणार आहे."

वर्गाने वाचलं. "थोडा म्हणजे किती, बाई?" वकिलाने विचारलं. मोठ्या बाईंनी चिमटीत अगदी तीळभर दाखवलं. "म्हणजे एवढा, आणि त्याचे आपल्या सगळ्यांत वाटे," वकील मागे वळून वर्गाला म्हणाला. "म्हणजे प्रत्येकाला काहीच नाही आलं!" पोरांचे खांदे खाली आले. बारकीने नाक पुसलं. पण ती अजून फळ्यावरच्या शेवटच्या वाक्याकडेच बघत होती.

संध्याकाळी आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "अगं, चुकलंच माझं. बुवा थांबतात तेव्हा लोकांना माहीत असतं, ते पुन्हा गाणार आहेत. म्हणून गप्प राहवतं. तुझ्या पोरांना कुठे तो भरवसा होता?"

शुक्रवारी निरीक्षक सर आले. मोठ्या बाईंच्या शेजारी बसले आणि त्यांना हळूच काहीतरी विचारलं. मोठ्या बाई नुसत्या हसल्या. सरांनी पुन्हा विचारलं. "त्या बोलत नाहीत, सर!" अख्खा वर्ग एकसुरात म्हणाला. सर दचकले आणि त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं.

म्हातारीची भाकरी पुन्हा निघाली. मुलांना कागदाच्या भाकऱ्या दिल्या होत्या, त्या दुमडायच्या आणि वाटे पाडायचे. आता कुणी कुणाला गप्प करत नव्हतं, त्यामुळे वर्गात आवाज होता. बराच होता. छोट्या बाईंना कळेना, हा चांगला की वाईट. कमी करावा तर पोरं घाबरतील, राहू द्यावा तर सर लिहितील. त्या बाकांमधून फिरत राहिल्या, एकाच्या कागदाची घडी सरळ केली, दुसऱ्याचं ऐकलं, तिसऱ्याला "हळू रे" म्हटलं. पाठ कधी संपला ते त्यांना समजलंही नाही.

सरांनी त्यांना दाराबाहेर बोलावलं. व्हरांड्यात उभं राहून ते उघड्या दारातून वर्गाकडे बघत होते.

"बाई, हा गोंगाट आहे."

"हो, सर."

"मागच्या वेळी गोंगाट होता म्हणूनच मी पाठ थांबवला होता. तेव्हा मी विचारलं होतं, ही मुलं काय बोलतायत? तुम्ही म्हणालात, माहीत नाही."

"हो, सर."

"आता सांगा. ती दोघं काय भांडतायत?"

छोट्या बाईंनी पाहिलं. "तो म्हणतोय पाव मोठा, कारण चार मोठे असतात. ती म्हणतेय अर्धा मोठा. ती त्याला कापून दाखवतेय, पण तो कापू देत नाहीये."

"आणि तो एकटाच बडबडतोय?"

"त्याला मोठ्याने मोजल्याशिवाय मोजता येत नाही."

"ती मुलगी सारखी शेजारणीच्या कानाला का लागतेय?"

"शेजारणीचा चष्मा सुट्टीत फुटला, सर. फळ्यावरचं ही तिला वाचून दाखवते."

"हं. आणि तो कोपऱ्यातला?"

छोट्या बाईंनी कोपऱ्याकडे नीट बघितलं. तिथे एका भाकरीचं विमान झालं होतं.

"तो दंगा करतोय, सर," त्या म्हणाल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पास," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला दुसरी शाळा. पत्ता कळवतो." आणि ते जिन्याकडे निघाले.

छोट्या बाई तिथेच उभ्या राहिल्या. वर्ष वाचलं होतं, आत्याचा काउंटर टळला होता. आपण नेमकं काय बरोबर केलं? शांत तर करता आलंच नाही. त्या आत आल्या.

वर्ग गप्प होता. कुणी न सांगता, कुणी न ढोसता. सगळी तोंडं त्यांच्याकडे.

"पास की नापास?" वकिलाने कुजबुजत विचारलं.

"पास."

असा काही कल्ला झाला, की जिन्यावरचे सर थबकले, त्यांनी वर बघून मान हलवली आणि ते उतरून गेले. छोट्या बाईही हसल्या. कल्ला ओसरत आला तेव्हा खिडकीपाशची बारकी उठून उभी राहिली. तिचा आवाज घोगरा होता, तिच्या अंगापेक्षा मोठा.

"बाई, मग आता तुम्ही जाणार?"

"पुढच्या आठवड्यात. हो."

"नापास झाला असतात तर?"

"तर..." छोट्या बाई थांबल्या. नापास झालं तरी जायचंच होतं.

"तर पण गेला असता?"

"हो गं."

बारकीने यावर विचार केला. "मग आम्ही कसं वागायचं असतं," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही राहिला असतात?"

छोट्या बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर पाटी होती, हातात खडू होता, आणि त्या काहीच लिहीत नव्हत्या.

"मला नाही माहीत," छोट्या बाई म्हणाल्या. मग कोपऱ्याकडे वळून म्हणाल्या, "विमान घेऊन ये रे इकडे. त्याचे किती वाटे झालेत बघू."

कोपऱ्यातला पोरगा विमान घेऊन आला. मागोमाग आणखी दोघं आली, मग बारकी आली, आणि मग त्यांच्या टेबलाभोवती इतकी गर्दी झाली की फळा कुणालाच दिसेना.